मुक्ताचा निबंध आणि आपला स्टेटस

3 जानेवारी उजाडला की फोनवर सावित्रीबाईंचे फोटो यायला लागतात. डोक्यावर पदर, कपाळावर मोठं कुंकू, वडीलधारा चेहरा. मीही दोनदा तो स्टेटसला ठेवलाय. फोटो बघून बाईंचं वय मोजावं असं मात्र कधी सुचलं नव्हतं.

मोजलं ते मुक्ता साळवेचा निबंध वाचल्यावर. बाईंचा जन्म 1831चा. 1848 साली भिडेवाड्यात शाळा सुरू झाली तेव्हा त्या 17 वर्षांच्या होत्या. म्हणजे आपल्याकडे बारावीचा फॉर्म भरायचं वय! 1854 मध्ये ‘काव्यफुले’ छापून आलं तेव्हा 23 वर्षांच्या. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी फुले दाम्पत्याच्या शाळेतल्या एका 14 वर्षांच्या मांग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत आला: ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’.

निबंध म्हटलं की आपल्याला ‘माझा आवडता ऋतू’ आठवतो. मुक्ता थेट देवालाच विचारते, आमचा धर्म कोणता? मुसलमानांना कुराण आहे, इंग्रजांना बायबल आहे, ब्राह्मण म्हणतात वेद फक्त आमचे. मग ज्यांना वेदाकडे बघायचीही मुभा नाही, त्यांना धर्म आहे असं म्हणायचं तरी कसं? यातली तर्काची शिस्त बघा. ती वेदांवर टीका करत बसत नाही. समोरच्याचंच म्हणणं घेते आणि त्याचा शेवट काय होतो ते दाखवते.

मग ती नावं घेते. बाजीरावाच्या राज्यात मांग-महार तालीमखान्यापुढून गेला तर त्याचं काय व्हायचं, कुणी लिहायला-वाचायला शिकला तर त्याला काय ऐकून घ्यावं लागायचं, इमारतीच्या पायात माणसं कशी पुरली जायची. पेशवाई संपून तेव्हा उणीपुरी 37 वर्षं झाली होती. ती राजवट डोळ्यांनी पाहिलेली माणसं पुण्यात अजून हिंडत-फिरत होती. त्या पुण्यात बसून हे लिहायचं!

मला सगळ्यात जास्त थांबवतो तो भाग वेगळाच आहे. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्पर नसतं, असं ती लिहिते. थंडी-पावसात त्यांचं काय होत असेल, ते तुमच्या स्वतःच्या अनुभवावरून ताडा, असं वाचणाऱ्यालाच सांगते. 1855 साली बाळंतपण हा राजकीय मुद्दा करणारी ही मुलगी. कॉलेजातल्या वक्तृत्व स्पर्धेत मी सावित्रीबाईंवर सात मिनिटं बोललो होतो. त्यात शेण होतं, दगड होते, ‘त्याग’ चार वेळा होता. मुक्ता नव्हतीच.

बोलण्याची किंमतही असते. 1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहिलं. निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याचं आणि त्यावरून बायकांवर सुटलेल्या तोंडसुखाचं. पुस्तकावर टीका झाली. जोतीरावांनी 1885मध्ये ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. पण त्यांचं दुसरं पुस्तक आलं नाही. मुक्ताचाही तो एकच निबंध आपल्या हाती आहे. पहिल्यांदा बोलायला हिंमत लागते, हे आपण खूप ऐकतो. दुसऱ्यांदा बोलता यावं म्हणून आजूबाजूला काय लागतं, यावर कुणी फारसं बोलत नाही.

म्हणून 2020च्या जानेवारीतली एक गोष्ट मला मोलाची वाटते. नागरिकत्व कायद्यातल्या दुरुस्तीविरुद्ध दिल्लीच्या शाहीन बागेत बायका रस्त्यावर बसल्या होत्या. तिथल्या तरुण मंडळींनी एका बसथांब्यात पुस्तकं मांडली आणि नाव दिलं ‘फातिमा शेख–सावित्रीबाई फुले वाचनालय’. त्या कायद्याबद्दल तुमचं मत काहीही असो. पुण्यातल्या एका मास्तरणीचं आणि तिच्या सोबतिणीचं नाव तिथे नुसत्या पोस्टरवर राहिलं नाही, त्या नावाखाली मुलं येऊन वाचत बसली. मार्चअखेर कोरोनाच्या टाळेबंदीत पोलिसांनी ती जागा रिकामी केली.

मुक्ताचा निबंध इंटरनेटवर मिळतो. चार-पाच पानांचाच आहे. लोकलमध्ये दोन स्टेशनांच्या मध्ये वाचून होतो.