‘एक शून्य शून्य’चा वंश

छोट्या पडद्यावर गाजलेली गुन्हेकथा चित्रपटात पुढे नेण्याची रीत अमेरिकेत आहे. ‘ब्रेकिंग बॅड’ ही मालिका २०१३ साली संपली आणि तिची पुढची हकिगत सांगणारा ‘एल कमिनो’ २०१९ साली आला. आपल्याकडे वंश निराळ्या वाटेने वाढला.

मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ ही मराठी पोलिसकथा लागे, तेव्हा मंचरला ज्याच्या घरी संच असे त्याच्या ओसरीवर आम्हां पोरांची दाटी होई. दिग्दर्शक बी. पी. सिंग, पडद्यावर शिवाजी साटम. हीच जोडी १९९८ च्या जानेवारीत ‘सी. आय. डी.’ घेऊन हिंदीत गेली. नाव बदलले, भाषा बदलली. पोलीस, गुन्हा आणि उकल हे मात्र तेच. २००४ साली तिचा १११ मिनिटांचा एक भाग कॅमेरा कुठेही न थांबवता टिपला गेला. चित्रपटाएवढा ऐवज! २०१८ साली थांबलेली ही मालिका डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली.

माझ्या वर्गातील मुलांना एसीपी प्रद्युम्न तोंडपाठ. ‘एक शून्य शून्य’ मात्र कुणी ऐकलेली नाही. मराठी फौजदाराने परभाषेत नाव काढले याचा अभिमान वाटावा, पण मला, खरे सांगायचे तर, हळहळच अधिक वाटते. पोलिसांना हाक मारायला आता ११२ क्रमांक आला आहे. त्या जुन्या नावाचा अर्थही फळ्यावर लिहून सांगावा लागतो.