एकोणीस एक आणि देवळालीचे मास्तर

आमगावला मुंबईची गाडी धरली की गोंदिया, नागपूर, भुसावळ करत ती देवळालीवरून जाते आणि घाट उतरून डोंबिवलीला येते. माझ्या अभ्यासातल्या संख्यांचा थोडा इतिहास याच रुळांवर घडलाय, हे मला पीएचडीला लागल्यावर कळलं.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (1905–1986) देवळालीत शाळामास्तर होते. 6174 मुळे ते सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्याआधी, 1938 मध्ये, त्यांनी 'डेम्लो' संख्यांवर लिहिलं. हे नाव डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून आलं, कारण कल्पना तिथं सुचली. नुसत्या एकांच्या संख्येचा वर्ग करून बघा: 11 चा 121, 111 चा 12321. नऊ एकांपर्यंत हा डोंगर नीट चढतो-उतरतो. दहा एक घेतले की हातचा येतो आणि आकार बिघडतो.

आता वर्ग सोडा. ही एकांची संख्या स्वतः मूळ कधी असते? 11 आहे. 111 म्हणजे 3×37. एक किती आहेत तो आकडाच संयुक्त असेल तर संख्याही फुटते. सहा एक म्हणजे 111×1001. उलट मात्र खरं नाही: 5 मूळ आहे, तरी 11111 = 41×271. सात एक म्हणजे 239×4649. अकरा, तेरा, सतराही फुटतात. मग येतात एकोणीस एक. ही संख्या मूळ आहे हे ऑस्कर होप यांनी 1916 मध्ये दाखवलं. कापरेकर तेव्हा अकरा वर्षांचे होते.

कॉम्प्युटर नसताना एवढी संख्या आवाक्यात येते कशी? हिचं वर्गमूळ सुमारे 105 कोटी. तिथवर मूळ संख्या जवळपास 5.3 कोटी, म्हणजे तेवढे भागाकार. पण p हा अवयव असेल तर p ने भागल्यावर 10¹⁹ ची बाकी 1 उरते, आणि फर्माच्या प्रमेयानुसार 19 ने p−1 ला भाग जायलाच हवा. p विषम, म्हणून तो 38k+1 याच रूपाचा. (हेच सात एकांना लावून बघा: 239 = 14×17+1.) राहिले साधारण 30 लाख. शिवाय 10¹⁹ ची बाकी 1 म्हणजे 10 ची बाकी आणि 10²⁰ ची बाकी एकच, आणि 10²⁰ हा तर पूर्ण वर्ग. या अटीत निम्मे गळतात. शंभरातले सत्त्याण्णव उमेदवार एकही भागाकार न करता बाद! माझ्या मते खरं गणित इथंच झालं, उरलेली हमाली.

1929 पर्यंत तेवीस एकांचं सिद्ध झालं. 317 एकांसाठी 1970 चं दशक उजाडावं लागलं. 49,081 एकांची संख्या हार्वे डबनर यांना 1999 मध्ये सापडली, चाचण्यांत पासही झाली. पण सिद्धता आली 2022 मध्ये. मधली 23 वर्षं तिची नोंद 'संभाव्य मूळ' एवढीच होती.

2,70,343 एकांची संख्या 2007 पासून अशीच ताटकळत उभी आहे. माझ्या पहिल्या मसुद्यात मी तिला बिनधास्त 'मूळ' लिहिलं होतं. सरांनी पेन्सिलीनं शेजारी एकच शब्द लिहून मसुदा परत केला: 'सिद्धता?'