पडणाऱ्या दाताची पकड

“पडणारच आहे, मग भरायचा कशाला?” मुलाची दुधाची दाढ किडली की घरोघर हा प्रश्न निघतो. खर्चाचा विचार करता तो साहजिकही आहे. पण दुधाच्या वीस दातांपैकी मागच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. खालून येणाऱ्या पक्क्या दातांची जागा त्या राखतात. दाढ अकाली काढली, तर मागची पुढे सरकते आणि नव्या दाताची वाट अडते.

मी कवितेचा माणूस. दोन शब्दांचा सांधा जुळणं किती अवघड, हे मला ठाऊक आहे. म्हणून दात आणि सिमेंट यांच्या सांध्याचा इतिहास मी कुतूहलानं वाचत गेलो.

पूर्वी दातात ‘चांदी’ भरत. पारा आणि चांदीचं हे मिश्रण दाताला चिकटत नाही, अडकून बसतं. त्यासाठी आतून रुंद खाच कोरावी लागे आणि किडीबरोबर चांगला दातही जाई. दुधाच्या दाढेचं कवच पातळ आणि नस जवळ. तिथं कोरायला जागाच थोडी.

१९५५ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथं मायकेल ब्युओनोकोर या दंतवैद्यानं वेगळी वाट शोधली. कारखान्यांत रंग नीट धरावा म्हणून धातूला आधी फॉस्फोरिक आम्ल लावत. त्यानं तेच दाताच्या कवचावर तीस सेकंद लावलं आणि धुऊन टाकलं. कवचावर सूक्ष्म खाचखळगे पडले, त्यांत ॲक्रिलिक शिरलं आणि घट्ट धरून बसलं. पुढे राफेल बोवेन यांनी नवी राळ तयार केली. १९६२ साली तिचं पेटंट मिळालं. त्या राळेत काचेसारखी बारीक पूड मिसळून आजचं दाताच्या रंगाचं कंपोझिट घडलं.

दुधाचा दात मात्र इथंही वेगळा निघाला. त्याच्या कवचाच्या बाहेरच्या थराची घडण पुष्कळदा निराळी असते, म्हणून आम्ल दोन मिनिटं ठेवा, असं आधी सांगत. पुढच्या प्रयोगांत कमी वेळही पुरेसा ठरला. कवचाखालचा थर ओलसर आणि मऊ. तिथली पकड अनेक प्रयोगांत पक्क्या दातापेक्षा कमी भरली. या चाचण्यांत पडलेल्या किंवा काढलेल्या दातांवर कंपोझिट बसवून ते यंत्रानं ओढून पाहतात. यंत्रात दात कोरडा आणि स्थिर असतो. खुर्चीत मूल रडतं, लाळ सुटते, आणि ओल्या दातावर सांधा धरत नाही. म्हणून कंपोझिटइतकीच दंतवैद्याची सबुरी आणि मुलाचा विश्वास मोलाचा.

पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारात २०२२ साली, पंधरा वर्षांखालील मुलांच्या दातांत पाऱ्याचं मिश्रण टाळावं, असं ठरलं. त्यामुळे पकडीचा हा प्रश्न आणखी महत्त्वाचा झाला आहे.

दुधाचा दात शेवटी कौलावरच फेकायचा असतो. पण तोवर रोजची भाकरी त्यानंच चावायची असते.