बदली कार्डापासून भरतीच्या सॉफ्टवेअरपर्यंत

मंडळी, परंदवडीत बसून नोकरभरतीचा इतिहास सांगायचा तर सुरुवात तळेगावच्या एमआयडीसीपासून नाही, मुंबईच्या गिरणगावापासून करावी लागते. मावळातली माणसं मुंबईत डबे पोहोचवायला गेली ती ओळखीने, मुकादमाच्या शब्दावर. कापड गिरण्यांतही तीच रीत. माणूस कमी पडला की जॉबर आणणार, बायकांच्या खात्यात नायकीण. सकाळी दारात उभ्या असलेल्यांपैकी आत कोण जाणार, हे तोच ठरवायचा. त्यासाठी तो पैसे खातो, ही तक्रार १९३१ च्या शाही श्रम आयोगाच्या अहवालातही आली आहे.

१९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कार्डाची योजना आणली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक बदली कामगारांना कार्ड मिळायचं. त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजर व्हायचं आणि रिकाम्या जागा आधी त्यांच्यातूनच भरायच्या. जॉबर काही एका रात्रीत गेला नाही! पण यादी त्याच्या डोक्यातून निघून कचेरीत आली. कार्ड कुणाला, हजर कोण, काम कुणाला मिळालं, हे आता पडताळून बघता येऊ लागलं.

पुढे १९४५ मध्ये, युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी, सरकारी रोजगार विनिमय केंद्रं निघाली. १९५९ च्या कायद्याने पंचवीस किंवा जास्त कामगारांच्या खासगी आस्थापनांनाही रिकाम्या जागा कळवणं बंधनकारक केलं. दर तिमाहीला ‘ईआर-१’ विवरणपत्र भरायचं : जागा किती निघाल्या, किती कळवल्या, किती भरल्या. केंद्राने पाठवलेला माणूस घ्यायलाच हवा, असं मात्र बंधन नव्हतं. त्यामुळे जागेचा हिशेब लागला, माणसाचा लागला नाही. मुलाखत देऊन परत आलेल्या पोराला त्या कागदावर रकानाच नव्हता. मला ही मोठी उणीव वाटते.

आता तेच सॉफ्टवेअरमध्ये बघा. अर्ज, छाननी, मुलाखत, प्रस्ताव, रुजू असे टप्पे मांडतात. अहवाल काढला की उमेदवार आज कुठल्या रकान्यात आहे तेवढंच दिसतं. समजा, मुलाखतीला वीस जण आले आणि पंधरा नाकारले. ते पंधरा ‘नाकारले’मध्ये गेले, की मुलाखतीच्या रकान्यात उरतात पाच. साहेब म्हणतो, मुलाखती फक्त पाचच घेतल्या? म्हणून टप्पे मांडतानाच प्रत्येक हालचालीची तारीख, ती कुणी केली आणि नाकारल्याचं कारण नोंदवायला हवं. मोजणीही अर्जाच्या महिन्याप्रमाणे करावी : जूनमध्ये अर्ज केलेल्यांपैकी मुलाखतीपर्यंत किती पोहोचले, रुजू किती झाले. कारणाच्या जागी ‘इतर’ लिहून मोकळं होणारेही असतात, त्याला काय करणार!

आणि कंत्राटदाराच्या गाडीतून कामावर येणारी पोरं? कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक वेळा ती ‘अर्ज’ या पहिल्या रकान्यातसुद्धा नसतात. त्यांची नावं मुकादमाच्या वहीत, हल्ली त्याच्या मोबाइलमध्ये.