८५–० : शिकागो विद्यापीठाचा फुटबॉल का बुडाला?

२१ ऑक्टोबर १९३९. शिकागो विद्यापीठाच्या स्टॅग फील्ड या मैदानावर मिशिगन विद्यापीठाचा संघ खेळायला आला. सामना संपला तेव्हा मिशिगनचे ८५ गुण झाले होते आणि शिकागोचा एकही नव्हता. हा अपवाद म्हणावा, तर त्याच हंगामात हार्वर्डने ६१–०, ओहायो स्टेटने ६१–०, व्हर्जिनियाने ४७–० आणि इलिनॉयने ४६–० असा पराभव केला. पाच सामन्यांत विरुद्ध बाजूला तीनशे गुण, आपल्या बाजूला शून्य. बरोबर दोन महिन्यांनी, २१ डिसेंबर १९३९ रोजी, विद्यापीठाच्या विश्वस्तांनी आंतरविद्यापीठीय फुटबॉल बंद करण्याचा ठराव केला.

एखाद्या दुबळ्या संघाची ही गोष्ट असती, तर तिची नोंदही कोणी घेतली नसती. परंतु अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील सर्वांत प्रतिष्ठित विद्यापीठ-संघटनेचे, म्हणजे ‘बिग टेन’चे, अजिंक्यपद या संघाने सात वेळा पटकावले होते. देशातील सर्वोत्तम विद्यापीठीय खेळाडूला मिळणारी, पुढे ‘हाइझमन’ म्हणून ओळखली गेलेली ट्रॉफी १९३५ साली पहिल्यांदा देण्यात आली, तीही याच संघाच्या जे बर्वँगरला. मग अवघ्या चार वर्षांत असे काय घडले?

चार वर्षांत काहीच घडले नाही, हेच खरे उत्तर. ऱ्हास त्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. तो समजण्यासाठी या वैभवाचा पाया कशासाठी घातला गेला, ते आधी पाहावे लागते.

(येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल : लांबट चेंडू हातात घेऊन, अंगावर येणाऱ्यांना चुकवत वा धडकत पुढे न्यायचा खेळ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्यावसायिक संघांपेक्षा विद्यापीठांच्या संघांनाच त्यात अधिक मान होता.)

शिकागो विद्यापीठाची दारे १८९२ साली उघडली. पैसा होता तेलसम्राट रॉकफेलर यांचा, कल्पना होती विल्यम रेनी हार्पर या हिब्रूच्या पंडिताची. हार्पर पहिले अध्यक्ष झाले. विद्वान जमवणे त्यांना अवघड गेले नाही, पण परंपरा कोठून आणणार? हार्वर्ड-येलच्या पाठीशी शतकांचा इतिहास आणि माजी विद्यार्थ्यांच्या पिढ्या होत्या. शिकागोकडे चिखलातून वर येऊ लागलेल्या इमारती होत्या. हार्पर यांनी येलमधील आपला एक माजी विद्यार्थी बोलावून घेतला : एमोस अलोन्झो स्टॅग. बहुतेक ठिकाणी प्रशिक्षक हंगामापुरते येत आणि जात, त्या काळात स्टॅग यांना अध्यापकाचा दर्जा आणि कायमची नेमणूक मिळाली. पहिल्या वर्षी खेळाडू कमी पडले, तेव्हा ते स्वतःच मैदानात उतरले.

पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले. स्वामी विवेकानंदांचे भाषण ज्या सर्वधर्मपरिषदेत झाले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. प्रदर्शनातील करमणुकीचा भाग विद्यापीठाला लागून असलेल्या ‘मिडवे’ नावाच्या लांब पट्ट्यावर होता. हे नाव ध्यानात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे.

वैभवाचा कळस म्हणजे ३० नोव्हेंबर १९०५. मिशिगनचा संघ तोपर्यंत सलग ५६ सामने अपराजित होता. पंचवीस हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर शिकागोने त्याला २–० असे हरवले. दोनच गुण, तेही मिशिगनचा खेळाडू चेंडूसह स्वतःच्याच गोलक्षेत्रात अडवला गेल्यामुळे मिळालेले. तेरा वर्षांच्या विद्यापीठाचे नाव देशभर झाले. सहा आठवड्यांत, जानेवारी १९०६ मध्ये, हार्पर कर्करोगाने निवर्तले. त्यांनी मांडलेला डाव मात्र यशस्वी झाला होता.

त्या डावाची एक किंमत होती. १९०५ च्या संघाचा तारा वॉल्टर एकरसॉल विद्यापीठातून पदवी न घेताच बाहेर पडला. शिकागोची कथा हल्ली ‘ज्ञानासाठी खेळावर पाणी सोडणारे विद्यापीठ’ अशी सांगितली जाते. ती अर्धीच कथा आहे. गुणी खेळाडूच्या अभ्यासाकडे काणाडोळा करण्याची वाट ज्यांनी आधी मळवली, त्यांत शिकागोही होते. इतरांनी ती वाट पुढे हमरस्ता केली आणि शिकागो मध्येच थांबले, एवढेच.

हा हमरस्ता झाला तो १९२० च्या दशकात. ओहायो स्टेटचे विशाल स्टेडियम १९२२ मध्ये, इलिनॉयचे १९२३ मध्ये आणि मिशिगनचे १९२७ मध्ये उभे राहिले. ही सरकारी विद्यापीठे. संपूर्ण राज्य त्यांच्या मागे, विद्यार्थी हजारोंनी, आणि शेतीपासून वाणिज्यापर्यंत नाना विभाग. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन पुढे प्रशिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलालाही तेथे जागा होती. शिकागो खासगी होते, शुल्क घेणारे होते आणि त्याचे लक्ष पदव्युत्तर संशोधनाकडे होते. पदवीपूर्व मुले मुळात कमी, त्यांतून अकरा दणकट गडी निवडायचे. रेड ग्रेंज हा त्या दशकातील सर्वांत गाजलेला खेळाडू शिकागोच्या पश्चिमेला असलेल्या व्हीटन गावात वाढला. खेळला मात्र इलिनॉयकडून. घरच्या अंगणातले पीक शेजारी नेऊ लागले होते. १९२४ साली ग्रेंजच्या इलिनॉयला शिकागोने २१–२१ असे बरोबरीत रोखले आणि त्या वर्षीचे अजिंक्यपद मिळवले. ते शेवटचे ठरले.

ऑक्टोबर १९२९ मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानचा महाविद्यालयीन खेळांवरील अहवाल आला. खेळाडूंना पैसे, नोकऱ्या, शिष्यवृत्त्या देऊन भरती करण्याची पद्धत किती पसरली आहे, हे त्याने उघड केले. अहवालावर खूप चर्चा झाली. पद्धत चालूच राहिली. त्याच वर्षी तिशीतले रॉबर्ट हचिन्स शिकागोचे अध्यक्ष झाले. १९३१ पासून त्यांच्या कारकिर्दीत नवी अभ्यासयोजना लागू झाली. वर्गातील हजेरीची सक्ती गेली आणि सर्वंकष परीक्षा आल्या. त्या परीक्षा वर्गावरचा शिक्षक घेत नसे, स्वतंत्र परीक्षा मंडळ घेई. फुटबॉलच्या दृष्टीने हा तपशील निर्णायक आहे. ‘पोरगा चांगला खेळतो, ढकला पुढे’ असे आता कोणाला सांगणार? ठराव न करता, कोणाला काढून न टाकता, संघाच्या मुळाचे पाणी तुटले.

१९३२ मध्ये स्टॅग सत्तर वर्षांचे झाले आणि नियमाप्रमाणे त्यांना निवृत्त करण्यात आले. एकेचाळीस हंगाम झाले होते, तरी त्यांना थांबायचे नव्हते. ते कॅलिफोर्नियात कॉलेज ऑफ द पॅसिफिकला गेले. त्यांच्या जागी क्लार्क शॉनेसी आले. याच पडत्या काळात बर्वँगर खेळला. १९३४ च्या सामन्यात त्याला अडवताना मिशिगनच्या एका खेळाडूच्या डोळ्याखाली जखम झाली आणि वण कायमचा राहिला. तो खेळाडू म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड. पण बर्वँगर देशात सर्वोत्तम ठरला त्या १९३५ च्या हंगामातही शिकागोने चार सामने जिंकले आणि चार गमावले. एकट्या खांद्यावर किती भार पेलणार?

नोव्हेंबर १९३८ मध्ये पॅसिफिकचा संघ घेऊन शहात्तर वर्षांचे स्टॅग शिकागोला आले. स्वतःचे नाव दिलेल्या मैदानावर त्यांनी आपल्याच जुन्या विद्यापीठाला ३२–० असे हरवले. पुढच्या वर्षी ८५ गुण चढवणाऱ्या मिशिगनचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिस्लर हेही शिकागोत स्टॅग यांच्याच हाताखाली खेळलेले. विद्या येथली, बळ दुसरीकडचे.

डिसेंबर १९३८ मध्ये हचिन्स यांनी ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मध्ये लेख लिहून या खेळाभोवतीच्या पैशावर टीका केली. तिकीट दहा सेंटवर आणावे आणि प्रशिक्षकांना अध्यापकांसारखी कायम नोकरी द्यावी, असे उपाय त्यांनी सुचवले. दुसरा उपाय हार्पर यांनी १८९२ मध्येच करून पाहिला होता. हचिन्स यांचे निदान अचूक होते, पण त्यांच्या दिरंगाईला सहसा कोणी हिशेबात धरत नाही. बिग टेनच्या तोलाचा संघ उभा करायचा नाही हे १९३१ च्या सुमारास प्रत्यक्षात ठरून गेले होते; बिग टेनमध्ये खेळायचे नाही हे ठरायला आणखी आठ वर्षे गेली. माजी विद्यार्थी दुखावतील, देणग्या आटतील, ही भीती होती. त्या आठ वर्षांचे मोल दिले ते दिवसा ग्रंथालयात आणि शनिवारी मैदानात दिसणाऱ्या मुलांनी. त्यांच्यासमोर भरती करून आणलेले, संख्येने दुप्पट-तिप्पट गडी असत. १९३९ मध्ये या मुलांनी वॉबॅश आणि ओबर्लिन या आपल्या जोडीच्या छोट्या महाविद्यालयांना हरवले होते. म्हणजे त्यांना खेळता येत नव्हते असे नाही. त्यांना चुकीच्या आखाड्यात उतरवले जात होते.

दोष प्रशिक्षकाचा होता काय? शॉनेसी १९४० मध्ये स्टॅनफर्डला गेले. आदल्या हंगामात जेमतेम एक सामना जिंकलेला तो संघ त्या वर्षी अपराजित राहिला आणि १ जानेवारी १९४१ रोजी त्याने मानाचा रोझ बोलही जिंकला. डिसेंबर १९४० मध्ये शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाने वॉशिंग्टनचा ७३–० असा धुव्वा उडवला, त्या डावपेचांतही शॉनेसी यांचा हात होता. ‘मिडवेचे दैत्य’ हे विद्यापीठाच्या संघाचे बिरुद पुढे याच बेअर्सना चिकटले, आणि आज बहुतेकांना ते मुळात त्यांचेच वाटते.

२ डिसेंबर १९४२ रोजी स्टॅग फील्डच्या पश्चिमेकडील प्रेक्षागाराखालच्या एका बंदिस्त कोर्टात एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी मानवनिर्मित, स्वयंपूर्ण अशी पहिली आण्विक साखळी अभिक्रिया घडवली. फुटबॉल गेला म्हणून अणुयुग आले, असे चटकदार वाक्य त्यावरून रचले जाते. ते कोर्ट फुटबॉलचे नव्हतेच, तेव्हा या वाक्याला फारसा आधार नाही.

१९४६ मध्ये शिकागोने बिग टेनचाही निरोप घेतला. जुने मैदान पाडले गेले आणि १९७० मध्ये त्या जागी रेगनस्टाइन ग्रंथालय उघडले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६९ मध्ये, विद्यापीठाचा अधिकृत फुटबॉल संघ पुन्हा उभा राहिला होता. आज तो राष्ट्रीय रचनेच्या तिसऱ्या श्रेणीत खेळतो, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. बर्वँगरची ट्रॉफी विद्यापीठाच्या क्रीडा केंद्रात ठेवलेली आहे.