बच्चेकंपनीचे मेन्यूकार्ड : वेगळे नको, लहान हवे

सुटीच्या दिवशी सहकुटुंब हॉटेलात जेवायला जाणे आता शहरांत नवलाईचे राहिलेले नाही. मोठ्यांसाठी दहा-बारा पानांचे मेन्यूकार्ड असते. मुलांच्या वाट्याला मात्र बहुधा शेवटच्या पानावरचा एक रंगीत चौकोन येतो. फ्रेंच फ्राइज, नूडल्स, चीज पिझ्झा आणि सोबत एखादे गोड पेय, एवढ्यावर तो संपतो. मुलांना याहून अधिक काही आवडत नाही, असे त्यामागचे गृहीतक असते.

या प्रथेचे मूळ अमेरिकेत सापडते. तेथे १९२० मध्ये दारूबंदी लागू झाली आणि हॉटेलांचे मद्यविक्रीचे उत्पन्न बुडाले. नवे गिऱ्हाईक शोधताना त्यांचे लक्ष मुलांकडे वळले. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अॅस्टोरियाने १९२१ मध्ये मुलांचे स्वतंत्र मेन्यूकार्ड काढले. मुलांना सौम्य, बेचवच अन्न द्यावे, अशी तेव्हाची वैद्यकीय समजूत होती. त्यामुळे त्यात भातावर कुस्करलेले चिकन, लोण्यातल्या भाज्या असे पदार्थ होते. पुढे १९७९ मध्ये मॅकडोनाल्ड्सचे 'हॅपी मील' आले आणि जेवणासोबत खेळणे मिळण्याची सवय जगभर पसरली. कॅलिफोर्निया राज्याने २०१८ मध्ये कायदा करून मुलांच्या जेवणासोबत शीतपेयाऐवजी पाणी किंवा दूध देणे हाच नेहमीचा पर्याय ठरवला.

वयानुसार वाढप

मेन्यू ठरवताना पहिला प्रश्न प्रमाणाचा. 'बारा वर्षांखालील' असा एकच गट करणे चुकीचे ठरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १,०१० किलोकॅलरी लागतात, सात ते नऊ वर्षांच्या मुलाला १,७०० आणि दहा ते बारा वर्षांच्या मुलग्याला २,२२०. बैठे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाची गरज २,११० आहे! म्हणजे धाकट्याला जे ताट जड होते, त्यातून उठताना थोरला उपाशीच राहतो. प्रत्येक पदार्थ 'छोटा' आणि 'मध्यम' अशा दोन मापांत ठेवणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

स्वयंपाकघर तेच

मुलांसाठी निराळा माल भरण्याची गरज नसते. वरणाला तिखट फोडणी देण्यापूर्वी वाटीभर बाजूला काढता येते. डोशाच्या पिठाचे छोटे उत्तप्पे, मिरची न घातलेले थालीपीठ आणि लोणी, मुगाची मऊ खिचडी आणि तूप, काकडीची कोशिंबीर, उकडलेला मका हे सारे असलेल्याच सामग्रीतून होते. त्यामुळे माल वाया जात नाही आणि मुलालाही आईवडिलांच्याच ताटातली चव मिळते. तिखट चटणी वेगळ्या वाटीत दिली, की चाखायचे की नाही हे मूलच ठरवते.

सुरक्षितताही महत्त्वाची. चार वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षे किंवा पॉपकॉर्न देऊ नयेत. ते घशात अडकू शकतात. दूध, अंडी, शेंगदाणे, गहू, सोयाबीन यांची काहींना अॅलर्जी असते. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना उष्मांक व अॅलर्जीकारक घटकांची माहिती देणे २०२२ पासून बंधनकारक आहे. लहान हॉटेलांनीही मुलांच्या पानावर ती छापावी, हे उत्तम.

कार्डावर मोठी अक्षरे, पदार्थांची चित्रे आणि मराठी नावे असावीत. मुलांची ऑर्डर आधी आणावी, कारण भुकेले मूल वाट पाहत नाही. चवीची ओळख लहानपणीच होते. तेव्हा बटाटा आणि चीज एवढेच समोर आले, तर पुढे भाजी-आमटीकडे वळणे अवघड जाते. मुलांचे पान आखताना हॉटेलचालक आपल्या उद्याच्या गिऱ्हाइकाची आवडच घडवत असतो.