सुई लागली की कॅन्सर पसरतो?

‘गाठीला सुई लावू देऊ नका, खवळेल,’ हा सल्ला शेजारीण देते, गावचा वैदू देतो आणि शिकलासवरलेला जावईही देतो. पुरावाही तयार असतो: अमकीची बायोप्सी झाली आणि वर्षाच्या आत ती गेली. अनुभव खरा; त्यावरचं अनुमान मात्र कावळा बसला म्हणून फांदी तुटली, या जातीचं. बायोप्सीपर्यंत पोचणारा रोग आपल्याकडे पुष्कळदा महिनोन्‌महिने अंगावर काढलेला असतो. वाढत्या गाठीतल्या पेशी सुई नसतानाही रक्तात सुटत असतात. त्यांतल्या बहुतेक तिथेच मरतात. सुईनंतर गाठ फुगल्यासारखी वाटते, ती सहसा आत साकळलेल्या रक्तामुळे.

या समजुतीत सत्याचा अंश आहे, तो दडवू नये. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत. यकृताच्या कॅन्सरमध्ये हे प्रमाण शेकडा दोन-तीन सांगितलं जातं. स्कॅनवर चित्र स्पष्ट असेल तर सिरोसिसच्या रुग्णात बायोप्सी टाळतातही. अंडकोषात कॅन्सरचा संशय असला, तर सहसा सुई न घालता जांघेतून छेद घेऊन अंडकोषच काढतात आणि मग तपासतात. हाडाच्या सार्कोमात सुईची वाट पुढच्या शस्त्रक्रियेच्या रेषेतच आखतात, म्हणजे ती वाटही गाठीबरोबर कापून काढता येते. धोका तज्ज्ञांना ठाऊक आहे आणि त्यावर त्यांनी उपायही बसवला आहे.

‘मग थेट कापूनच टाका’ हा हट्ट मला जास्त घातक वाटतो. मानेतली गाठ क्षयाची असेल तर गोळ्या हव्यात, लिम्फोमाची असेल तर केमोथेरपी. दोन्हींत सुरी हा मुख्य इलाज नव्हे. स्तनाच्या गाठीतून सुईने घेतलेल्या तुकड्यावर ईआर, पीआर आणि हर-२ ही प्रथिनं तपासतात. हर-२ सापडलं तर ट्रास्टुझुमॅब उपयोगी पडतं. हे औषध अमेरिकेत १९९८ साली मंजूर झालं. पुष्कळदा ते शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू करतात, आणि गाठ आधीच कापली असेल तर ती संधी जाते. मांडीतला सार्कोमा साधी चरबीची गाठ समजून काढला, तर दुसऱ्यांदा आणि अधिक रुंद कापावं लागतं. त्यातही काढलेली गाठ फॉर्मेलिनमध्ये घालून पॅथॉलॉजीकडे न पाठवता फेकून दिली असेल, तर पुढच्या डॉक्टरच्या हाती व्रणाशिवाय काही उरत नाही.